दुपारचा गट

माझ्या प्रबंधात युरानिस कोगोयो हे नाव तुम्हाला कुठेही सापडणार नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयात तिसऱ्या मजल्यावर, निळ्या पुठ्ठ्यात बांधलेला तो प्रबंध आहे, आणि पहिल्याच पानावर ‘विशेष प्रावीण्य’ असा शिक्का आहे. आत मुलांची नावं नाहीत, क्रमांक आहेत. नियमच आहे तसा. मुलाला कसलीही इजा होऊ नये म्हणून त्याची ओळख लपवायची. युरानिस त्यात ‘विद्यार्थी क्रमांक १७, दुपारचा गट’ आहे. तिचं नाव तेवढं मी जपलं.

मी एदिल्सा नेग्रेते. सिनू नदीकाठच्या ला सेइबिता गावात सरकारी शाळेत तेवीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतला. फळ्यावर म, मे, मि, मो, मू लिहायचं आणि मुलांनी पानंच्या पानं तेच उतरवायचं, हे माझं शिकवणं. दर वर्षी दहा-बारा पोरं वाचायला न शिकताच राहायची. आम्ही बाया चहाच्या सुट्टीत, म्हणजे आमच्याकडे काळ्या कॉफीच्या सुट्टीत, म्हणायचो, पालथ्या घड्यावर पाणी. आईबाप अडाणी, पोरं उपाशी, आपण काय करणार? घडा पालथा नाही, ओतणारीचा हातच वाकडा आहे, हे मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि तेही दर शनिवारी पहाटेची बस पकडून मोंतेरियाच्या विद्यापीठात जायला लागल्यावर.

जुन्या शिक्षकांसाठी वाचन-लेखन शिकवण्यातली वरची पदवी निघाली होती. ती मिळाली की वेतनश्रेणी वर सरकते, आणि नशीब असेल तर वर्ग सुटून ‘मार्गदर्शक’ म्हणून नेमणूक होते. आम्ही बावीस जणी-जण होतो. सगळ्यांचे चष्मे गळ्यात, केस रंगवलेले, पिशवीत उकडलेला कसावा आणि चीज. माझ्याबरोबर आमच्याच शाळेतली नुबिस आर्गुमेदो होती. दुसरीची बाई. अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून.

“अगं एदिल्सा,” ती बसमध्ये म्हणायची, “नातवंडं खेळवायच्या वयात पाठीला दप्तर लावलंय आपण. तो समोरचा पोरगा बघ, मला जागा देतोय, विद्यार्थिनी म्हणून नाही, आजी म्हणून.”

दुसऱ्या सत्रात आम्हाला एक नवी पद्धत शिकवली. मुलाला काहीतरी सांगू द्यायचं, त्याच्या घरचं, त्याच्या मनातलं. ते वाक्य त्याच्या देखत, त्याच्याच शब्दांत, त्याच्या छोट्या वहीत लिहायचं. तेच त्याचं पहिलं वाचन. मग त्या वाक्यातले शब्द चिठ्ठ्यांवर, शब्दांतले आवाज टाळ्यांवर, तीन-तीन मुलं जवळ घेऊन रोज वीस मिनिटं. बस्स, एवढंच. बाकीच्या जणी भराभर लिहून घेत होत्या. मला मात्र राग आला. इतकं सोपं होतं आणि तेवीस वर्षं कोणी सांगितलं नाही. त्या दहा-बारा पोरांचे चेहरे एकेक करून आठवायला लागले आणि मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेले.

माझ्या प्रबंधाचे मार्गदर्शक डॉक्टर फाबियो उर्सोला. वय चौतीस, शर्ट कायम इस्त्रीचा, बोलणं अदबीचं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सगळं त्याच्या गळ्यात बांधून मी मोकळी झाले असते.

त्या वर्षी आमच्या शाळेतली दुपारची पहिलीची बाई निवृत्त झाली होती. बदली कोणी येईना, म्हणून दोन्ही वर्ग माझ्याकडे. सकाळी चौतीस पोरं, दुपारी तेहेतीस. मी रडगाणं गायला म्हणून हे डॉक्टरांना सांगितलं, तर ते खुर्चीतून उठलेच.

“एदिल्सा बाई, तुम्ही सोन्याच्या खाणीवर बसला आहात! तीच शिक्षिका, तीच खोली, तोच फळा. सकाळच्यांना नवी पद्धत, दुपारच्यांना जुनी. वर्षाअखेर दोघांची चाचणी. जो काय फरक दिसेल तो फक्त पद्धतीचा. लोकांचं आयुष्य जातं असा योग शोधण्यात.”

“आणि दुपारच्या पोरांचं काय?”

“त्यांना तुम्ही तेच शिकवायचं जे तेवीस वर्षं शिकवत आलात. त्यात त्यांचं काही नुकसान आहे का?”

हो म्हणावं तर तेवीस वर्षं पाण्यात. नाही म्हणावं तर प्रश्नच मिटला. मी म्हटलं, “नुकसान असं नाही.”

“आणि शेवटची चाचणी झाली की नोव्हेंबरात त्यांनाही नवी पद्धत द्या. नियमातच आहे. कोणी वंचित राहत नाही.”

बाहेर आल्यावर इतर जणींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं जणू मला लॉटरी लागली. नुबिसला तिच्या मार्गदर्शकांनी वर्गाचे दोन भाग करायला सांगितले होते, सम क्रमांकांना नवी पद्धत, विषम क्रमांकांना नाही. बसमधून उतरताना ती म्हणाली, “विषमवाल्यांनी काय करायचं गं त्या वेळात? भिंत बघायची?”

फेब्रुवारीत, शाळेचं वर्ष सुरू होताना, पालकांच्या सह्या घेतल्या. युरानिसची आई लेदीस पुलावर मासे विकते. तिनं अंगठा उठवला आणि कागदाला माशाचा वास लागला.

“कशासाठी आहे हे, बाई?”

“माझ्या अभ्यासासाठी.”

“तुम्हीसुद्धा अभ्यास करता होय?” ती हसली. “मग चांगलंच असणार.”

मे महिन्यापर्यंत सकाळचा वर्ग उघडला. दुसरा शब्द नाही. कॅलेंडरवरचं, औषधाच्या बाटलीवरचं, मोटारसायकलच्या मागचं, जे दिसेल ते पोरं वाचत सुटली. एकानं वहीत लिहून घेतलं होतं, ‘आमची गाढवी बाबांना भीत नाही,’ आणि ते तो दिवसातून दहादा वाचायचा आणि दहादा हसायचा. मी घरी जाताना गाणं म्हणायचे. मग साडेबाराला त्याच खोलीत दुपारची पोरं यायची, मी चिठ्ठ्यांचा डबा कपाटात घालून कुलूप लावायचे आणि फळ्यावर लिहायचे: म, मे, मि, मो, मू. माझाच आवाज मला शिळा लागायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, दुपारी जास्त वाईटही शिकवायचं नाही आणि जास्त चांगलंही नाही. कधीतरी करून बघा हे. भात अर्धा कच्चा ठेवून रोज वाढायचा, आणि वर म्हणायचं, जेवा.

युरानिस दुपारच्या गटातली. सात वर्षांची, दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. पुलावर ट्रक जातात म्हणून लेदीस तिला दहा वाजताच शाळेत सोडायची. ती आमच्या खिडकीच्या गजांना धरून उभी राहायची. आधी मी लक्ष दिलं नाही. एके दिवशी सकाळचा वर्ग सुटला आणि ती सरळ माझ्या टेबलाशी आली.

“बाई, माझं वाक्य तयार आहे.”

“कसलं वाक्य?”

“वहीतलं. मी ठरवून ठेवलंय. सांगू?” आणि माझ्या होकाराची वाट न पाहता, हात मागे बांधून तिनं सांगितलं, “माझी आई एका हातानं मासा साफ करते, आणि दुसरा हात माझ्यासाठी ठेवते.”

तेवीस वर्षांत माझ्या वर्गात कोणी इतकं नेटकं वाक्य सांगितलं नव्हतं. कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात होती आणि आत नव्या कोऱ्या वह्या होत्या. लिहायला किती वेळ लागला असता?

मी म्हटलं, “छान आहे. लक्षात ठेव हं, विसरू नकोस. तुझी पाळी नोव्हेंबरात.”

“नोव्हेंबर कधी येतो?”

“तुम्ही पोरं पातेलं घेऊन घरोघरी गात फिरता ना, त्या दिवशी.”

ती बोटांवर काहीतरी मोजत गेली. शनिवारी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. कशाला सांगितलं? मला वाटलं होतं, ते ऐकून हेलावतील आणि म्हणतील, जाऊ दे, लिहा तिचं वाक्य. कोणीतरी दुसऱ्यानं म्हणावं, एवढीच माझी अपेक्षा होती. ते हेलावले खरे. म्हणाले, “किती सुंदर वाक्य आहे!” मग पेन काढलं. “पण बाई, हा दोन गटांचा संपर्क झाला. नोंद करावी लागेल. दोन मार्ग आहेत. एक, हिला अभ्यासातून वगळा. मग तिला हवं ते शिकवा, कोणी विचारणार नाही. पण वगळण्याचं कारण लिहावं लागेल, आणि परीक्षक म्हणतील, एक होती तर खिडकीशी आणखी किती होत्या? सगळ्याच कामावर शंका येईल. दुसरा मार्ग, संपर्क तोडा. निर्णय तुमचा.”

नीट ऐका, निर्णय माझा होता. कोणी बंदूक लावली नव्हती. आठवडाभर मी तो निर्णय चघळत राहिले, आणि शुक्रवारी पुलावर गेले.

लेदीस उभी राहून काम करत होती. फळीवर एक खिळा, त्यात बोकाचिको माशाचं शेपूट अडकवलेलं, उजव्या हातानं खवले उडवायची, डाव्या हातात युरानिसचं मनगट. रस्त्यावरून ट्रक धडधडत जात होते.

“लेदीस, पोरीला दहा वाजता नको पाठवूस. साडेबाराला पाठव.”

“का, बाई? त्रास देते का?”

“नाही. सकाळच्यांचं लक्ष विचलित होतं.”

“चुकलंच माझं,” ती म्हणाली. “माफ करा हं, बाई.”

तिनं माझी माफी मागितली. युरानिस माझ्याकडे बघत होती. सोमवारपासून ती दहा ते साडेबारा आईच्या फळीशी बसायला लागली, आणि माझ्या खिडकीशी कोणी उरलं नाही. अभ्यासाच्या वहीत मी नोंद केली: ‘संपर्क तोडण्यात आला.’

नुबिसला हे शाळेतल्या झाडूवालीकडून कळलं. ती कॉफीचा कप घेऊन माझ्यासमोर बसली आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली.

“एदिल्सा, तू पोरीला खिडकीवरून हाकललंस?”

“हाकललं नाही. नोव्हेंबरात शिकवणारच आहे ना.”

“आणि तोवर?”

“तोवर सगळेच जसे शिकतात तशी शिकेल. तुझं काय? तुझे विषमवाले भिंतच बघतात ना?”

“माझे विषमवाले?” नुबिस पुन्हा मूळच्या आवाजावर आली. “माझे विषमवाले बायबल वाचायला लागलेत! मला नाही जमलं बाई. पहिल्या सोमवारीच दोघा भावांत एक सम निघाला, एक विषम. मी म्हटलं, चला रे सगळे, या इकडे.”

“मग तुझ्या प्रबंधाचं काय?”

“त्याचं काय व्हायचं ते होऊ दे.”

मला तिचा राग आला. खरं सांगते, तिची दया नाही, कौतुक नाही, रागच आला. हिला कोणी अधिकार दिला चांगलं वागायचा, असं वाटलं.

एक नोव्हेंबरला गावातली पोरं पातेली घेऊन निघाली. आम्ही देवदूत आहोत, आभाळातून आलो, काही द्या, असं गात दारोदार कसावा, रताळी, भोपळा मागतात आणि मग नदीकाठी सगळ्याचं एक मोठं सूप शिजवतात. माझ्या दारात घोळका आला. सगळ्यात पुढे युरानिस. ती गात नव्हती.

“बाई,” ती म्हणाली, “नोव्हेंबर आला.”

मागची पोरं गातच होती. मी आत जाऊन घरातला सगळ्यात मोठा कसावा आणला आणि तिच्या पिशवीत घातला.

“आधी चाचणी होऊ दे. मग लगेच.”

चाचणी चार तारखेला व्हायची होती. विद्यापीठाचा माणूस आजारी पडला, मग सुट्टी आली, आणि ती झाली एकवीसला. युरानिससमोर कागद ठेवला तेव्हा तिला वाटलं, हीच ती वही. तिनं दोन्ही तळहात फ्रॉकला पुसले. चाळीसपैकी तिला दोन गुण मिळाले. शाळा संपायला आठवडा उरला होता, आणि त्या आठवड्यात मला प्रबंध पुरा करायला रजा मिळाली. रजा मी मागितली होती. डॉक्टरांनी सुचवलीसुद्धा नव्हती.

आकडे बघून ते खूश झाले. सकाळचे चौतीसपैकी एकतीस वाचत होते, दुपारचे तेहेतीसपैकी चौदा. ‘तक्ता सात’. त्यात जो फरक दिसतो ना, ज्याखाली मी दोनदा रेघ मारली आहे, तो फरक म्हणजे दुपारची पोरं. सकाळच्यांनी पद्धत चांगली आहे हे दाखवलं, आणि दुपारच्यांनी ते सिद्ध करण्यासाठी वाचायला शिकायचं नाही, अशी ती वाटणी होती.

तोंडी परीक्षेत राजधानी बोगोताहून आलेल्या परीक्षक बाई म्हणाल्या, “दोन गटांमधली भिंत इतकी पक्की राखलेली मी फार थोड्या कामांत पाहिली आहे.” टाळ्या पडल्या. माझ्या बहिणीनं नारळीभात आणला होता, तो सगळ्यांनी खाल्ला. डॉक्टरांनी परिशिष्टातली ती नोंद मुद्दाम परीक्षकांना वाचून दाखवली: ‘विद्यार्थी १७ हिने पुढील वाक्य उच्चारले.’ आणि खाली ते वाक्य, अवतरण चिन्हांत, जसंच्या तसं. परीक्षकबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

नुबिसची परीक्षा त्याच दुपारी. तिच्या दोन भागांत काहीच फरक निघाला नव्हता. परीक्षक म्हणाले, पद्धत परिणामकारक नाही असा याचा अर्थ होतो.

“साहेब, सगळीच वाचतात,” नुबिस म्हणाली. “फरक कुठून आणू? बाजारात मिळतो का?”

तिला पुन्हा करून आणायला सांगितलं. तिनं केलं नाही. ती अजून दुसरीला शिकवते.

जानेवारीत माझी मार्गदर्शक म्हणून नेमणूक झाली. आता मी जीपमधून गावोगाव जाते आणि बायांना छोट्या वह्यांची पद्धत शिकवते. तक्ता सात पडद्यावर दाखवते. लोक हळहळतात, म्हणतात, बघा, जुन्या पद्धतीनं पोरांचं किती नुकसान होतं! मी म्हणते, होय, फारच नुकसान. युरानिस त्या वर्षी नापास झाली. पुढच्या वर्षी नव्या बाईकडे पुन्हा म, मे, मि, आणि पुन्हा नापास. मग लेदीसनं तिला काढून घेतलं. एवढं मला माहीत होतं. सतरा गावांत गेले, पण ला सेइबिताच्या पुलावर गाडी थांबवली नाही. दोन वर्षं दुसऱ्या रस्त्यानं वळसा घालून गेले.

गेल्या महिन्यात तो रस्ता बंद होता.

फळीशी दोघी होत्या. युरानिस उंच झाली आहे. तिला आता स्वतःची फळी आहे, स्वतःचा खिळा आहे. मी जीपमधून उतरले. पिशवीत कायम दोन-चार कोऱ्या वह्या असतात, प्रात्यक्षिकासाठी. एक काढली, पेन काढलं. लेदीसनं मान लववून नमस्कार केला.

“युरानिस,” मी म्हटलं, “तुझं वाक्य सांग. लिहून घेते.”

“कुठलं वाक्य, बाई?”

“अगं, तू ठरवून ठेवलं होतंस ते. नोव्हेंबरात लिहायचं होतं.”

तिनं खरोखर आठवायचा प्रयत्न केला. डोळे बारीक केले, आईकडे पाहिलं. मला ते अक्षर न् अक्षर पाठ होतं, पण तोंडातून निघेना. तिचे दोन्ही हात खवल्यांनी भरले होते, आणि लेदीसचेही दोन्ही.

“नाही आठवत,” ती म्हणाली.

“असू दे. नवं सांग. काहीही सांग. मी दर रविवारी येईन, आपण वाचू.”

तिनं वहीकडे पाहिलं. कोरी, गुळगुळीत, निळ्या पुठ्ठ्याची. हात लावला नाही, ओले होते म्हणून.

“नको, बाई, खराब होईल,” ती म्हणाली. “सकाळच्या पोरांना द्या.”

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी परत काहीतरी बोलले असते. तिला खरंच वाटत होतं, वह्या सकाळच्या पोरांच्या असतात.

लेदीसनं दोन मोठे बोकाचिको निवडले, बारीक चिरा पाडल्या, केळीच्या पानात गुंडाळून माझ्या हातात दिले. मी पैसे पुढे केले तर तिनं घेतले नाहीत. बाईंकडून कसे घ्यायचे, म्हणाली.